घरट्याची राखण: बागेतल्या मांजरापासून पिल्लं कशी वाचवायची

जास्वंदीच्या फांद्यांत, कुंडीतल्या क्रोटनमध्ये किंवा गॅलरीत लोंबणाऱ्या तारेवर घरटं दिसलं की आनंद होतो, आणि लगेच गल्लीतला बोका आठवतो. कोल्हापुरातल्या ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनीतल्या बंगल्यांच्या बागा असोत किंवा शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांमागची परडी असोत, पक्षी आणि मांजर दोघंही तिथलेच. बुलबुल आपल्या दारातल्या झुडुपात घरटं करतो आणि मांजर रोज त्याच झुडुपाखालून जातं. यात दोघांचाही दोष नाही. पण अंडी-पिल्लांना पळता येत नाही, म्हणून तीन-चार आठवडे त्यांची बाजू आपण घ्यायची.

हा लेख पहिल्यांदाच अशी राखण करणाऱ्यांसाठी आहे. सगळ्याचं सूत्र एकच: घरट्याला हात लावायचा नाही, मांजराची वाट तोडायची. बहुतेक लोक याच्या उलट करतात. घरट्याभोवतीच काहीतरी बांधत बसतात आणि मांजर जिथून येतं ती भिंत मोकळीच राहते.

आधी लांबून बघा

घरटं कुणाचं आहे ते ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. शहरातल्या बागेत सहसा हे पक्षी भेटतात. बुलबुल वाटीसारखं उघडं घरटं करतो, बहुधा हाताला येईल इतक्याच उंचीवर. शिंपी दोन-तीन पानं शिवून त्यात कापूस भरतो. लिंबू, अंजीर किंवा मोठ्या पानाच्या कुंडीतल्या झाडावर ते सापडतं आणि कधीकधी जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर असतं. शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, लोंबती पिशवी विणतो. होल्याचं घरटं म्हणजे चार काड्यांची विस्कटलेली चटई, खालून बघितलं तर अंडी दिसतील इतकी विरळ. दयाळ, साळुंकी आणि चिमणी भोकात, पाइपात किंवा वळचणीला जागा धरतात.

बघायचं ते दहा-पंधरा फुटांवरून, जमल्यास घरातून खिडकीआडून. फांद्या बाजूला सारून मोबाइलवर फोटो काढायचा मोह आवरा. आपण सारखं जवळ गेलो की झाकणारी पानं हलतात, गवतात वाट पडते, पक्षी उडून जातो आणि घरटं उघडं पडतं. मग तारेवर बसलेल्या कावळ्यालाही पत्ता लागतो.

आपण फार जवळ आहोत हे पक्षीच सांगतो. बुलबुल चोचीत अळी धरून विजेच्या तारेवर बसलेला असेल, शेपटी हलवत इकडं-तिकडं बघत असेल, पण घरट्याकडं जात नसेल, तर तो तुमच्या जाण्याची वाट बघतोय. घरट्यात पिल्लं उपाशी आहेत. मागं सरका. तुम्ही पुरेसे लांब गेलात की तो आधी जवळच्या दुसऱ्या फांदीवर उतरेल, तिथं क्षणभर थांबेल आणि मग झटकन पानांत शिरेल. जिथून तो आत शिरला ते अंतर लक्षात ठेवा. पुढचे सगळे दिवस त्याच्या आत जायचं नाही.

दिवस मोजा

राखण किती दिवसांची आहे हे माहीत असलं की धीर येतो. बुलबुल साधारण दोन-तीन अंडी घालतो. ती उबवायला बारा ते चौदा दिवस लागतात आणि पिल्लं बाहेर पडायला पुढं साधारण तितकेच. शिंपी, शिंजीर, होला यांचाही हिशेब थोड्याफार फरकानं असाच: दोन आठवडे अंडी, दोन आठवडे पिल्लं. म्हणजे अंडी नुकतीच दिसली असतील तर महिनाभराची तयारी ठेवा. आईबाप चोचीत किडे घेऊन ये-जा करताना दिसले तर पिल्लं निघाली आहेत आणि काम निम्म्यावर आलंय.

आपल्याकडं बुलबुलांची धांदल फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होते आणि पावसाळ्यातही चालू राहते. शिंपी तर पाऊस पडून झाडी दाटली की जोमानं घरटी करतो. त्यामुळं 'उन्हाळा संपला, आता धोका नाही' असं धरून चालू नका.

मांजराची वाट शोधा

सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, म्हणून इथं घाई करू नका. मांजर बागेत कुठूनही येत नाही. त्याच्या ठरलेल्या वाटा असतात: कंपाउंडची भिंत, पत्र्याचं शेड, उभी चारचाकी, जिन्याचा कठडा, एसीचं बाहेरचं युनिट, पाण्याची टाकी. जमिनीवरून ते कमी चालतं, उंचावरून जास्त, कारण वरून कुत्र्यांचा त्रास नसतो.

ही वाट शोधायला एक सोपी युक्ती आहे. संध्याकाळी भिंतीच्या माथ्यावर, कठड्यावर आणि झाडाच्या बुंध्याजवळ चाळलेली राख किंवा रांगोळीचा पातळ थर पसरा. सकाळी उठल्या उठल्या, उन्हं यायच्या आत बघा. मांजराचं पाऊल गोलसर असतं, मागं एक गादी, पुढं चार बोटं आणि नखांची खूण नसते, कारण चालताना मांजर नखं आत घेतं. कुत्रा आणि मुंगूस यांच्या पावलांपुढं नखांचे ठिपके उमटतात. दोन-तीन रात्री हे केलं की मांजर कुठून चढतं, कुठं उतरतं आणि कुठं दबा धरून बसतं हे कळतं. पावसाळ्यात तर राखेचीही गरज नाही. ओल्या चिखलाचे ठसे भिंतीवर स्वच्छ दिसतात.

वाट कळली की घरट्यापासून मागं मागं विचार करा. धडधाकट मांजर जागेवरून पाच फूट उंच सहज उडी घेतं. मग घरट्यापासून सहा-सात फुटांच्या आत उडी मारता येईल असं काय आहे? भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी, मोडकी खुर्ची, प्लॅस्टिकचा ड्रम, एकावर एक रचलेल्या कुंड्या? ते हलवा. गाडी महिनाभर दुसऱ्या बाजूला लावा. निम्मी घरटी एवढ्यानंच सुरक्षित होतात असं माझं मत आहे, आणि यात पैसाही लागत नाही.

झाडाची फांदी भिंतीला किंवा शेडला टेकलेली असेल तर ती कापावी का? टोकाची, घरट्यापासून लांबची बारीक फांदी असेल तर कापा, तीही दुपारी, पाच मिनिटांत आणि एकदाच. पण घरट्यावर सावली धरणारी किंवा त्याला झाकणारी एकही डहाळी तोडू नका. एप्रिल-मेच्या उन्हात उघडी पडलेली पिल्लं तासाभरातही मरू शकतात, शिवाय कावळ्याला ती आयती दिसतात.

भिंत हलवता येत नाही, पण तिचा माथा मांजराला नकोसा करता येतो. बोगनवेलीच्या किंवा लिंबाच्या काटेरी फांद्या छाटून भिंतीच्या माथ्यावर, घरट्यासमोरच्या पट्ट्यात, बाइंडिंग तारेनं बांधा. मांजराचे तळवे मऊ असतात, काट्यांवरून ते चालत नाही. भिंतीपलीकडून लहान मुलं जात असतील तर टोकं आतल्या बाजूला वळवा. दुसरा उपाय जरा कष्टाचा आहे, पण टिकतो. भिंतीच्या वर दोन ब्रॅकेटमध्ये तार ताणायची आणि तीत तीन-चार इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे ओवायचे. मांजरानं पाय ठेवला की पाइप गरकन फिरतो आणि त्याला तोल सावरता येत नाही. त्याला इजा होत नाही, फक्त ती वाट बंद होते.

झाडाला पत्रा

घरटं आंबा, नारळ, अशोक अशा सरळ बुंध्याच्या झाडावर उंच असेल तर पत्र्यासारखा उपाय नाही. कोकणात माडावर उंदीर चढू नये म्हणून बुंध्याला पत्रा गुंडाळतात, तीच ही पद्धत. मांजर नखं रुतवून चढतं आणि गुळगुळीत पत्र्यात नख रुतत नाही.

दोरीनं बुंध्याचा घेर मोजा, त्यात चार इंच वाढवा आणि तेवढ्या लांबीचा, निदान दोन फूट, जमलं तर अडीच फूट रुंदीचा पातळ जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या. कोल्हापुरात याची अडचण नाही. उद्यमनगरात पत्राकाम करणाऱ्या कुणालाही माप सांगितलं तर उभ्या उभ्या कापून देतात. कापलेल्या कडा अर्धा इंच दुमडून घ्यायला सांगा, नाहीतर बांधताना तुमचाच हात कापतो आणि झाडावर चढउतार करणाऱ्या खारीलाही लागू शकतं.

पत्र्याची खालची कड जमिनीपासून पाच फुटांवर येऊ द्या. त्याहून खाली बांधलात तर मांजर उडी मारून पत्र्याच्या वरच पोचतं. खिळे ठोकू नका. सालीला जखम होते आणि तिथून कीड शिरते. सायकलची जुनी ट्यूब पट्ट्यांत कापून वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी आवळून बांधा. रबर ताणतं, त्यामुळं झाडाला गळफास बसत नाही. बांधून झाल्यावर चार पावलं मागं जाऊन बघा: पत्र्याच्या वर झाडाला लागणारी दुसरी काही वाट उरलीय का? शेजारच्या झाडाची फांदी आत आलेली असेल तर पत्र्याचा काही उपयोग नाही.

पेरू, चिक्कू, डाळिंब, जास्वंद यांना खालपासूनच फांद्या फुटतात, म्हणून पत्रा चालत नाही. तिथं पुढचा उपाय करा.

झुडुपातलं घरटं: जाळीचं कुंपण

हार्डवेअरच्या दुकानात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी छिद्रांची तारजाळी मिळते. पाच-सहा फूट रुंदीची घ्या. झुडुपाच्या बाहेरच्या पानांपासून तीन फूट अंतर सोडून भोवती गोल उभी करा. चार-पाच बांबू किंवा सळया रोवून त्यांना जाळी बांधायची, पण वरचा फूट-दीड फूट भाग बांधायचा नाही. तो बाहेरच्या बाजूला सैल वाकवून सोडायचा. मांजर चढायला लागलं की वरची जाळी त्याच्या वजनानं मागं लवते, डगमगते आणि ते खाली उतरतं. घट्ट ताणलेली जाळी त्याला शिडीसारखी वापरता येते, हे ध्यानात ठेवा. खालची कड विटांनी किंवा वाकवलेल्या तारेच्या आकड्यांनी जमिनीला पक्की करा. वरून झाकू नका. पक्ष्याला यायला-जायला मोकळं आभाळ लागतं.

हे काम कधी करायचं? घरटं बांधणं चालू असताना किंवा पहिलं अंडं पडल्यावर लगेच केलं तर जोडी घरटं सोडून जाण्याची शक्यता जास्त असते. अंडी उबवायला लागून आठवडा झाला किंवा पिल्लं निघाली की आईबाप सहजासहजी घरटं टाकत नाहीत. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, पिल्लांचा पहिला चारा झाल्यावर आणि ऊन तापायच्या आत करा. बांबू, तार, पक्कड सगळं आधी लांबवर तयार ठेवा. दोघांनी मिळून, न बोलता, पंधरा मिनिटांत उरका. मग घरात जा आणि तासभर लांबून लक्ष ठेवा. तासाभरातही पक्षी परतला नाही तर जाळीची एक बाजू उघडा. जाळीपायी घरटं सोडलं गेलं तर राखण करून उपयोग काय?

एक ताकीद. मऊ नायलॉनची जाळी, जुनं मासे पकडायचं जाळं किंवा क्रिकेटच्या सरावाची जाळी झुडुपावर पांघरू नका. पिल्लांचे पाय त्यात अडकतात, धामणीसारखे साप अडकून तडफडून मरतात. जाळी तारेची, ताठ आणि घरट्यापासून लांबच हवी.

कुंडीत किंवा गॅलरीत घरटं असेल तर काम सोपं आहे. कुंडी हलवू नका. आजूबाजूच्या वस्तू हलवा, कठड्यावरच्या मांजराच्या वाटेत काटेरी फांद्या बांधा आणि रात्री गॅलरीचं दार लावून घ्या. कपड्यांच्या दोरीवर शिंजीरानं पिशवी विणली असेल तर महिनाभर कपडे दुसरीकडं वाळवा. पाइपात किंवा भोकात दयाळ असेल तर भोकाखाली मांजराला पाय टेकायला काही नाही ना एवढं बघा. चिमण्यांसाठी लाकडी पेटी लावणार असाल तर भोक सव्वा इंचाचंच ठेवा आणि त्याखाली बसायला दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, शिकाऱ्याला मात्र आधार होतो.

मांजर येतंच कशाला?

बुधवारी-रविवारी घरोघरी मटणाचा बेत असतो. तांबडा-पांढरा रस्सा झाला की हाडं बागेच्या कोपऱ्यात किंवा कुंपणापलीकडं टाकायची सवय अनेक घरांत आहे. त्या वासानं चार गल्ल्यांतली मांजरं तिथं येतात आणि हाडं संपली की झुडुपाखाली बसून राहतात. घरटं असेपर्यंत हाडं, सुकटीचं पाणी, माशाचे काटे झाकणाच्या डब्यात ठेवा आणि थेट घंटागाडीत द्या. मांजराला दूध-भाकरी घालत असाल तर बंद करू नका, फक्त वाटी घराच्या दुसऱ्या बाजूला न्या.

पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं आणि तांदळाचे दाणेही घरट्याजवळ नकोत. दाणे टिपायला उतरलेल्या चिमण्या-होल्यांमागं मांजर येतं आणि मग त्याला घरटंही सापडतं. भांडं उंचावर ठेवा आणि भोवती सात-आठ फूट दबा धरायला झुडूप नसेल अशी जागा निवडा.

घरचं मांजर, शेजारचं मांजर

घरचं मांजर असेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय तुमच्या हातात आहे: संध्याकाळी पाचपासून सकाळी आठपर्यंत त्याला घरात ठेवा. मांजरं तिन्हीसांजेला आणि पहाटे सर्वांत जास्त शिकार करतात. पिल्लं घरट्यातून उतरायच्या आठवड्यात तर दिवसरात्र आतच ठेवा.

'आमची मनी पोटभर जेवते, ती कशाला पक्षी धरेल?' असं नेहमी ऐकायला मिळतं. भूक आणि शिकारीची ओढ या मांजरात वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरलेलं मांजरही हलणाऱ्या पिल्लावर झडप घालतं. तरी काही गोष्टींचा उपयोग होतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठानं २०२१ साली ३५५ पाळीव मांजरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांसातल्या प्रथिनांनी भरपूर, धान्यविरहित खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांची २५ टक्क्यांनी. गळ्यात घुंगरू बांधलेल्या मांजरांत मात्र ठळक फरक दिसला नाही. घुंगरू बांधायचं तर बांधा, पण त्यावर विसंबू नका. घुंगरू ऐकून मोठा पक्षी उडेलही, घरट्यातलं पिल्लू कुठं जाणार? त्यापेक्षा दोरीला पीस बांधून रोज संध्याकाळी मनीला दमेपर्यंत खेळवा आणि दूध-भातासोबत थोडं शिजवलेलं, बिनमसाल्याचं चिकन घाला.

शेजारचं मांजर असेल तर आधी माणसाशी बोला. तक्रारीच्या सुरात गेलात तर दार बंद होतं. "वहिनी, आमच्या जास्वंदीत बुलबुलाची पिल्लं आहेत. खिडकीतनं दिसतात, बघायला या की. आणि पंधरा दिवस तेवढं मनीला रात्रीचं आत ठेवाल का?" एवढं पुरतं. त्यांच्या मुलांना लांबून घरटं दाखवा. एकदा पिल्लांच्या उघडलेल्या चोची बघितल्या की मनीला आत घ्यायची आठवण पोरंच आईला करतात.

मोकाट बोका असेल तर तुम्ही बागेत असताना तो दिसला की पिचकारीनं पाणी मारा, अंगावर नाही, जवळ. दोन-चार वेळा असं झालं की तो ती बाजू टाळतो.

हे अजिबात करू नका

डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्या मांजरालाही विषारी, पक्ष्यालाही. मिरचीपूड मांजराच्या डोळ्यांत आणि तळव्यांना जाळते आणि वाऱ्यानं घरट्यातही उडते. उंदरांचा चिकट सापळा बागेत ठेवू नका, त्यात मांजराआधी शिंपीच अडकेल. बुंध्याला ग्रीस फासू नका. ते पिसांना लागलं तर पक्ष्याला उडता येत नाही. भिंतीवर काचा लावू नका. संत्र्या-मोसंब्याच्या साली, कॉफीचा चोथा यांचा वास एक-दोन दिवस टिकतो, पुढं त्यांचा काही उपयोग नाही.

मांजराला विष घालणं, मारहाण करणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी नासवणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हेही येतं. म्हणून 'सुरक्षित जागी' म्हणून घरटं उचलून दुसऱ्या झाडावर ठेवणं चूकच. पक्ष्याला जागा पाठ असते. घरटं पाच फूट सरकलं तरी तो जुन्या जागीच घिरट्या घालतो आणि पिल्लं उपाशी मरतात.

अपवाद एकच: वळवाच्या वाऱ्यात घरटं खाली पडलं तर. मग एखादी लहान करंडी किंवा तळाला भोकं पाडलेली नारळाची करवंटी त्याच फांदीला, शक्य तितक्या त्याच जागी घट्ट बांधा, त्यात पडलेलं घरटं ठेवा, पिल्लं ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात ही समजूत खरी नाही. हाताच्या वासानं ते पिल्लू टाकत नाहीत. मात्र आपण तिथंच घोटाळत राहिलो तर परत येत नाहीत.

पिल्लं खाली उतरतात तेव्हा

बहुतेक नवख्यांची राखण इथंच सुटते. घरटं रिकामं दिसलं की वाटतं, उडाली पिल्लं, झालं काम. प्रत्यक्षात सगळ्यात धोक्याचे तीन-चार दिवस आता सुरू होतात. बुलबुल, दयाळ, साळुंकी यांची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरट्याबाहेर पडतात. झुडुपाच्या बुडाशी, गवतात, कुंड्यांमागं बसतात, उड्या मारत फिरतात आणि आईबाप तिथं येऊन भरवतात. ही पिल्लं अनाथ नसतात, त्यांना घरात आणू नका.

पिल्लू बघून ठरवा. अंगावर पिसं आली असतील, शेपूट बुटकं असेल, ते उड्या मारत असेल तर ते आपल्या वेळेलाच बाहेर आलंय. रस्त्यात किंवा मांजराच्या टप्प्यात असेल तर दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन जवळच्या दाट झुडुपात खांद्याइतक्या उंचीवर ठेवा. पंधरा-वीस फुटांच्या आतच ठेवा, आईबापांना आवाज ऐकू जायला हवा. उघडंनागडं, मिटल्या डोळ्यांचं पिल्लू मात्र पडलेलं असतं. ते परत घरट्यात ठेवा.

या दिवसांत कान उघडे ठेवा. बुलबुलाची जोडी एकाच जागी वरखाली होत कर्कश ओरडायला लागली, दयाळ शेपटी उडवत घोगरं चरचरायला लागला, खार बुंध्यावर उलटी लटकून न थांबता चिक-चिक करायला लागली किंवा सातभाई पक्ष्यांचं टोळकं एका झुडुपावर तुटून पडलं, तर खाली मांजर किंवा साप आहे असं समजून बाहेर जा. काही दिवसांत तुम्हालाही साधी किलबिल आणि हा आरडाओरडा यांतला फरक स्वयंपाकघरातून कळायला लागेल. मांजर असेल तर हाकला. धामण असेल तर तिला जाऊ द्या, आणि कुठला साप आहे हे ओळखता येत नसेल तर लांबच राहा.

मांजरानं पिल्लू धरलंच तर

सुटलेल्या पिल्लावर जखम दिसत नसली तरी 'वाचलं' म्हणून सोडून देऊ नका. मांजराच्या दातांवर आणि लाळेत पाश्चरेला नावाचे जिवाणू असतात. सुईच्या टोकाएवढ्या जखमेतून ते रक्तात जातात आणि वरून धडधाकट दिसणारं पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावतं. औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. हवेसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ सुती कापड अंथरा, पिल्लू आत ठेवा, झाकण लावा आणि खोकं अंधाऱ्या, शांत, उबदार जागी ठेवा. चोचीत पाणी, दूध, भात काही घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. मग वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा आणि सांगतील तसं करा, किंवा थेट पशुवैद्यकाकडं न्या. न्यायला उशीर होत असेल तर निदान फोनवर सल्ला घ्या, पण माणसांची प्रतिजैविकं मनानं देऊ नका. पिल्लू पिंजऱ्यात ठेवून पाळणं कायद्यात बसत नाही.

पिल्लं उडून गेल्यावर

पिल्लं मोठ्या झाडांवर जायला लागली, संध्याकाळी झुडुपात परत येईनाशी झाली की कुंपण काढा. पत्रा लगेच काढायची घाई नको, कारण बुलबुलाची जोडी एका हंगामात पुन्हा घरटं करते आणि बऱ्याचदा आसपासच. फक्त दर दोन-तीन महिन्यांनी ट्यूबच्या पट्ट्या सैल करून बघा. झाड जाड होतं, आणि पत्र्याच्या आत ओल आणि मुंग्या साठतात.

मेंदी-कोयनेलचं कुंपण असेल तर त्याची मोठी छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करा. फेब्रुवारीत माळ्याला बोलावलंत तर कात्री लावण्याआधी पूर्ण कुंपण फांद्या उचलून बघून घ्यायला सांगा. पुढच्या वर्षी पक्ष्यांना दाट, काटेरी जागा मिळावी म्हणून बागेच्या कडेला, भिंतीपासून सहा-सात फूट आत, लिंबू, करवंद किंवा बोगनवेल लावा आणि खालून साफ न करता वाढू द्या. आणि घरी किंवा गल्लीत मांजरी असेल तर हिवाळ्यातच तिची नसबंदी उरकून घ्या. मांजरी साधारण दोन महिन्यांत विते आणि वर्षातून एकदाच विते असं नाही. त्यामुळं ऑक्टोबरात एक मांजरी असलेल्या गल्लीत मार्चमध्ये, नेमकी बुलबुलांची अंडी असताना, चार-पाच तरणी मांजरं शिकार शिकत असतात.